कर्करोगाच्या रसायनोपचारातील रक्तशर्करा : स्टेरॉइडजन्य मधुमेहाचे स्वरूप आणि नियमन

मधुमेह आणि कर्करोग हे दोन विकार एकाच शरीरात एकत्र आढळण्याचे प्रसंग आता विरळ राहिलेले नाहीत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या व २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये भारतात सुमारे १० कोटी १० लक्ष लोक मधुमेही होते. २०२२ या एका वर्षात देशात कर्करोगाच्या सुमारे १४ लक्ष नव्या रुग्णांची भर पडली, असा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे. निरनिराळ्या देशांतील पाहण्यांवरून कर्करुग्णांपैकी सुमारे ८ ते १८ टक्के लोकांना आधीपासूनच मधुमेह असतो असे मानले जाते. यांखेरीज, ज्यांना पूर्वी हा विकार नव्हता अशा कित्येक रुग्णांत तो उपचाराच्या काळातच प्रथम प्रकट होतो. त्यास बहुधा कारण होणारे औषध म्हणजे स्टेरॉइड होय.

स्टेरॉइडामुळे होणाऱ्या रक्तशर्करेच्या वाढीस स्वतःचे असे वेळापत्रक असते आणि ते नेहमीच्या मधुमेहाच्या वेळापत्रकाशी जुळत नाही. रुग्णालयांतील रूढ तपासणी मात्र सकाळी उपाशीपोटी होते. दोष दृष्टीस पडण्याचा संभव ज्या घटकेस सर्वांत कमी, नेमका त्याच घटकेस त्याचा शोध घेतला जातो, आणि अहवाल स्वाभाविक आल्याने रुग्ण व वैद्य दोघेही निश्चिंत होतात. ही विसंगती कशी उत्पन्न होते, तिचे परिणाम कोणते व मापन आणि औषधयोजना यांत त्यानुसार कोणता बदल करावयास हवा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

स्टेरॉइडांची योजना व मात्रा

अधिवृक्क ग्रंथीच्या स्रावाचा शर्करेच्या चयापचयाशी निकटचा संबंध आहे, ही गोष्ट स्टेरॉइडे औषध म्हणून उपलब्ध होण्यापूर्वीच ज्ञात झाली होती. हार्वी कुशिंग यांनी १९३२ मध्ये वर्णिलेल्या विकारात लठ्ठपणा व रक्तदाब यांच्या जोडीस मूत्रातील शर्करेचीही नोंद होती. १९३० नंतरच्या दशकात लाँग व ल्यूकन्स यांनी दाखवून दिले की, स्वादुपिंड काढून टाकलेल्या मांजराच्या अधिवृक्क ग्रंथीही काढल्या, तर त्याचा मधुमेह पुष्कळच सौम्य होतो. पुढे १९४८ मध्ये हेंच, केंडल व त्यांचे सहकारी यांनी संधिवातावर कॉर्टिसोनचा प्रथम उपयोग केला आणि या वर्गातील औषधांचा व्यवहारात प्रसार झाला.

कर्करोगोपचारात स्टेरॉइडे दोन भिन्न हेतूंनी दिली जातात व हा भेद ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. पहिला हेतू प्रत्यक्ष रोगनाशाचा. लसिका पेशींचा नाश करण्याचा गुण या औषधांत असल्यामुळे लिम्फोमा, मायलोमा व तीव्र लसिकापेशीय रक्तकर्क या रोगांत ती औषधयोजनेचा अविभाज्य भाग असतात. लिम्फोमावरील एका सुप्रसिद्ध योजनेत प्रेडनिसोलोन दररोज १०० मिलिग्रॅम या मात्रेने पाच दिवस दिले जाते, आणि सामान्यतः दर २१ दिवसांनी हे आवर्तन पुन्हा होते. दुसरा हेतू पूरक स्वरूपाचा, म्हणजे वांती, अधिहर्षता किंवा मेंदूतील सूज आवरण्याचा. सिस्प्लाटिनसारख्या तीव्र वांतिकारक औषधाबरोबर पहिल्या दिवशी डेक्सामेथासोन १२ मिलिग्रॅम व पुढील दोन-तीन दिवस ८ मिलिग्रॅम देण्याचा प्रघात आहे.

हे आकडे वरवर लहान वाटतात. परंतु डेक्सामेथासोनचे ०.७५ मिलिग्रॅम हे प्रेडनिसोलोनच्या ५ व हायड्रोकॉर्टिसोनच्या २० मिलिग्रॅमशी तुल्यबळ असते. या हिशेबाने १२ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन म्हणजे ३२० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन होय. निरोगी शरीर स्वतः दिवसाकाठी साधारणतः १० ते २० मिलिग्रॅम कॉर्टिसोल निर्माण करते, हे लक्षात घेता या मात्रेचे सामर्थ्य सहज ध्यानी येईल.

रक्तशर्करा का वाढते

स्टेरॉइडाची क्रिया एकाच वेळी अनेक ठिकाणी घडते. यकृतात अमिनो आम्लांपासून नवी शर्करा निर्माण करण्याची प्रक्रिया जोर धरते व स्नायूंतील प्रथिनांचे विघटन होऊन त्या प्रक्रियेस कच्चा माल मिळतो. रक्तातील शर्करा आत ओढून घेण्याची स्नायूंची क्षमता मंदावते. मेदाच्या विघटनाने रक्तात मुक्त मेदाम्ले वाढतात आणि तीही इन्शुलिनच्या क्रियेस विरोध करतात. याशिवाय स्वादुपिंडातील बीटा पेशींकडून भोजनोत्तर होणारा इन्शुलिनचा स्राव अपुरा पडतो. निरोगी स्वादुपिंड अधिक स्राव करून हा भार काही काळ पेलू शकते. ज्याच्या अंगी मधुमेहाची प्रवृत्ती आहे, जो स्थूल किंवा वयस्क आहे अथवा ज्याच्या कुटुंबात हा विकार आहे, त्याच्याकडून मात्र तो पेलला जात नाही.

यांपैकी सर्वांत ठळक परिणाम भोजनोत्तर शर्करेवर होतो. प्रेडनिसोलोन सकाळी आठ वाजता घेतले असता त्याचा शर्करावर्धक प्रभाव सुमारे चार तासांनी जाणवू लागतो, आठव्या तासाच्या सुमारास शिखर गाठतो व बारा ते सोळा तासांत ओसरतो. परिणामी दुपारच्या भोजनानंतर रक्तशर्करा चढू लागते, सायंकाळी ती सर्वाधिक असते आणि रात्रीच्या दीर्घ उपवासात उतरत जाऊन पहाटे जवळजवळ पूर्वपदावर येते. उदाहरणादाखल, एखाद्या रुग्णाची उपाशीपोटीची रक्तशर्करा दर डेसिलिटरला ९५ मिलिग्रॅम असेल आणि त्याच दिवशी सायंकाळी पाच वाजता ती ३१० असेल, तर त्यात असंभाव्य असे काही नाही. डेक्सामेथासोनचा जैव प्रभाव ३६ तासांहून अधिक काळ टिकतो. यास्तव ते सलग काही दिवस दिले गेले तर पहाटेचा उतारही नाहीसा होऊन दिवसरात्र शर्करा चढीच राहते.

वाढीचे परिणाम

चार-पाच दिवसांपुरती शर्करा वाढली तर काय बिघडले, असा प्रश्न स्वाभाविकपणे विचारला जातो. मधुमेहाचे नेत्र, मूत्रपिंड व हृदय यांवरील परिणाम अनेक वर्षांनी दिसतात. ज्याच्यापुढे कर्करोगाचे संकट उभे आहे त्याच्या दृष्टीने ते दूरचे होत. तथापि येथील धोके निराळे व तत्काळ आहेत.

पहिला धोका निर्जलीभवनाचा. रक्तशर्करा सुमारे १८० मिलिग्रॅमच्या पुढे गेली की शर्करा मूत्रात उतरू लागते व जाताना पाणी ओढून नेते. सिस्प्लाटिन हे मूत्रपिंडास अपायकारक असल्याने त्यासोबत शरीरात भरपूर पाणी असणे आवश्यक असते. वांती, अतिमूत्रता व सिस्प्लाटिन यांचा योग जुळून आल्यास मूत्रपिंडास इजा पोहोचण्याचा संभव वाढतो. अशी इजा झालेल्या रुग्णास पुढील आवर्तनात पूर्ण मात्रा देता येत नाही.

दुसरा धोका जंतुसंसर्गाचा. रसायनोपचारानंतर श्वेतपेशींची संख्या घटते. शर्करेच्या आधिक्यामुळे ज्या पेशी शिल्लक असतात त्यांचीही जंतुभक्षणाची शक्ती क्षीण होते. ह्यूस्टन येथील एम. डी. अँडरसन कर्करोग केंद्रातील तीव्र लसिकापेशीय रक्तकर्काच्या २७८ प्रौढ रुग्णांचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ३७ टक्के रुग्णांची रक्तशर्करा उपचाराच्या पहिल्या तीस दिवसांत निदान दोन वेळा २०० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक आढळली होती. या गटात रक्तदोषाचे प्रमाण १६.५ टक्के, तर इतरांत ८ टक्के होते. रोगोपशमाचा मध्यमान काल पहिल्या गटात २४ व दुसऱ्यात ५२ महिने भरला. केवळ या निरीक्षणावरून शर्करा हेच दुष्परिणामांचे कारण असे सिद्ध होत नाही. ज्यांची प्रकृती मुळातच अधिक बिघडलेली त्यांची शर्करा अधिक वाढते, असेही असू शकेल. परंतु शर्करेची वाढ ही दुर्लक्षणीय बाब नव्हे, एवढे त्यावरून निश्चितपणे म्हणता येते.

तिसरा परिणाम मज्जातंतूंचा. पॅक्लिटॅक्सेल, व्हिन्क्रिस्टिन व सिस्प्लाटिन ही औषधे हातापायांच्या मज्जातंतूंना इजा करतात. जुन्या मधुमेह्याच्या पायांस आधीच बधिरता असेल तर उपचारापूर्वी तिची नोंद करून ठेवावी, म्हणजे पुढे कोणत्या कारणाने किती भर पडली हे ठरविता येते.

मापन केव्हा करावे

उपचारास प्रारंभ होण्यापूर्वी प्रत्येक रुग्णाची रक्तशर्करा व ग्लायकोसिलेटेड हिमोग्लोबिन ही दोन्ही तपासणे इष्ट होय. दुसऱ्या तपासणीने मागील दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते व दडून राहिलेला मधुमेह उघडकीस येतो. एकदा उपचार सुरू झाला म्हणजे मात्र तिची विश्वसनीयता कमी होते. ही तपासणी लाल पेशींच्या सुमारे १२० दिवसांच्या आयुर्मर्यादेवर आधारलेली आहे, आणि रक्तक्षय, रक्ताधान व मज्जेवरील औषधांचा परिणाम यांमुळे ती मर्यादाच विचलित होते. शिवाय महिन्यातून पाच दिवस येणारा चढ सरासरीत बुडून जातो.

उपचारकाळात भिस्त ठेवावयाची ती बोटातील थेंबाच्या दैनंदिन मापनावर. स्टेरॉइड सकाळी घेणाऱ्या रुग्णात दिवसातून एकच मापन शक्य असेल, तर ते दुपारच्या भोजनानंतर दोन तासांनी किंवा रात्रीच्या भोजनापूर्वी करावे. ते २०० मिलिग्रॅमहून अधिक आढळल्यास मापने दिवसातून चार करावीत. पूर्वीच्या मधुमेह्यांना चार मापने प्रथमपासूनच आवश्यक असतात.

व्यवहारातील अडचण येथेच उद्भवते. बाह्यरुग्ण विभागात रक्त सकाळी घेतले जाते, दुपारपर्यंत शिरेतून औषध दिले जाते आणि स्टेरॉइडाच्या गोळ्या घेऊन रुग्ण मुक्कामी परततो. शर्करा शिखरावर पोहोचते ती त्यानंतर. विदर्भ, मराठवाडा किंवा कोकणातून मुंबईस उपचारार्थ आलेली कित्येक कुटुंबे परळ-दादर भागातील धर्मशाळांतून राहतात. तेथे अतितृष्णा व वारंवार मूत्रप्रवृत्ती यांचा दोष औषधाच्या उष्णतेस दिला जातो आणि थकवा हा रोगाचाच भाग समजला जातो. अशा कुटुंबातील एका व्यक्तीस रक्तशर्करामापक वापरावयास शिकविणे, मापनाची वेळ लिहून देणे आणि कोणत्या आकड्यास रुग्णालयाशी संपर्क साधावा हे सांगणे, एवढ्याने पुष्कळ अनर्थ टळू शकतो.

इन्शुलिनची योजना

शर्करेच्या चढाचा आलेख ज्ञात झाल्यावर त्याच आकाराची क्रिया असलेले औषध निवडणे हे तर्कशुद्ध ठरते. हागेडोर्न यांच्या डेन्मार्कमधील प्रयोगशाळेत १९४६ मध्ये सिद्ध झालेले व एन. पी. एच. या नावाने ओळखले जाणारे मध्यमकालीन इन्शुलिन या कामी उपयुक्त पडते. त्याची क्रिया दोन ते चार तासांत सुरू होते, चार ते दहा तासांच्या दरम्यान शिखरास जाते व त्यानंतर ओसरते. सकाळी प्रेडनिसोलोनच्या बरोबरीनेच ते टोचले असता दोहोंचे आलेख बहुतांशी एकमेकांवर बसतात. क्लोर व थर्बी-हे यांनी २००९ मध्ये सुचविलेल्या प्रमाणानुसार प्रेडनिसोलोनच्या दर १० मिलिग्रॅममागे शरीराच्या दर किलोग्रॅमला ०.१ एकक या हिशेबाने आरंभ करावा आणि ४० मिलिग्रॅम वा त्याहून अधिक मात्रेस ०.४ एककावर थांबावे. ६० किलोग्रॅम वजनाच्या रुग्णास १०० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन चालू असेल तर ही आरंभीची मात्रा २४ एकके भरते. वृद्ध, मूत्रपिंड दुर्बल असलेले किंवा अन्न न जाणारे रुग्ण यांच्या बाबतीत ती बरीच कमी ठेवावी लागते व पुढील फेरफार प्रत्यक्ष मापनावरूनच करावे लागतात. दीर्घकाल टिकणाऱ्या डेक्सामेथासोनसोबत दीर्घकालीन इन्शुलिनचीही गरज पडू शकते.

या योजनेत दोन चुका वारंवार घडतात. सायंकाळचा चढा आकडा पाहून रात्रीच्या दीर्घकालीन इन्शुलिनची मात्रा वाढविणे ही पहिली. त्या इन्शुलिनचा जोर पहाटे, म्हणजे स्टेरॉइडाचा प्रभाव ओसरलेला असताना, प्रकट होतो व झोपेतच शर्करा घसरते. दुसरी चूक स्टेरॉइड थांबण्याच्या दिवसाची. पाच दिवसांचे आवर्तन संपले, परंतु वाढविलेले इन्शुलिन चालूच राहिले, तर सहाव्या-सातव्या दिवशी शर्करा धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. आणि नेमकी त्याच सुमारास अरुची व मुखपाक यांमुळे अन्नही कमी झालेले असते. म्हणून इन्शुलिन वाढविण्याची सूचना देतानाच ते कोणत्या दिवशी किती कमी करावयाचे, हेही लेखी दिले पाहिजे.

भारतात इन्शुलिनच्या कुप्या दर मिलिलिटरला ४० एककांच्याही मिळतात व १०० एककांच्याही. ४० एककांच्या पिचकारीचे टोपण तांबडे व १०० एककांच्या पिचकारीचे नारिंगी असते. कुपी व पिचकारी यांची अदलाबदल झाल्यास मात्रेत अडीचपटीचे अंतर पडते. नव्याने इन्शुलिन सुरू झालेल्या कुटुंबास ही बाब प्रत्यक्ष दाखवूनच द्यावी.

तोंडाने घ्यावयाची औषधे

सौम्य वाढीस ग्लिक्लाझाइडसारखे औषध सकाळी देऊन काम भागते. ग्लिबेनक्लामाइड हे दीर्घकाल टिकणारे असल्याने, विशेषतः मूत्रपिंडाचे कार्य मंदावलेले असताना, टाळणे श्रेयस्कर. मेटफॉर्मिन पूर्वीपासून चालू असेल तर ते सामान्यतः चालू ठेवता येते. मात्र वांती, अतिसार, रक्तदोष किंवा मूत्रपिंडाचा बिघाड उद्भवल्यास ते त्वरित थांबवावे. मूत्रावाटे शर्करा बाहेर टाकणारी डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन इत्यादी औषधे उपवास व निर्जलीभवन यांच्या काळात घातक ठरतात. कारण त्यांच्यामुळे, रक्तशर्करा फारशी चढलेली नसतानाही, रक्तात किटोन साचून आम्लता उत्पन्न होऊ शकते. शस्त्रक्रियेपूर्वी निदान तीन दिवस ती बंद ठेवण्याचा संकेत आहे. ज्यांचे स्वतःचे इन्शुलिन मुळीच निर्माण होत नाही अशा पहिल्या प्रकारच्या मधुमेह्यांचे मूलभूत इन्शुलिन मात्र, अन्न जात नसले तरी, पूर्णतः कधीही थांबवू नये.

स्टेरॉइडच कमी करावे काय, या प्रश्नाचे उत्तर प्रारंभी सांगितलेल्या भेदावर अवलंबून आहे. लिम्फोमा किंवा रक्तकर्क यांत ते रोगावरील औषध असल्याने शर्करेच्या भयाने त्याची मात्रा घटविणे म्हणजे मूळ उपचारच दुर्बळ करणे होय. वांतिरोधक म्हणून ते दिले जात असेल तर पॅलोनोसेट्रॉन, ओलान्झापिन यांसारख्या औषधांच्या आधारे त्याचे दिवस कमी करता येतील काय, याचा विचार कर्करोगतज्ज्ञाने अवश्य करावा.

आहार आणि एक रूढ गैरसमज

कर्कपेशी शर्करा मोठ्या प्रमाणावर वापरतात, हे ओटो वारबुर्ग यांनी १९२० नंतरच्या दशकात दाखविले. यावरून साखर व भात सोडला की अर्बुद उपाशी मरेल, असा समज पसरला आहे. तो युक्त नाही. आहारातून शर्करा मिळाली नाही तर यकृत ती स्नायूंच्या प्रथिनांपासून तयार करते. अर्बुदास शर्करा मिळतच राहते, झिजतो तो रुग्ण. उपचारकाळात वजन व बल टिकविणे हे आहाराचे प्रथम कार्य आहे आणि मधुमेहाचे पथ्य त्यास दुय्यम होय. ज्याच्या मुखात व्रण पडले आहेत त्यास पेज, मऊ भात, वरण, अंडे जे काही गिळता येईल ते द्यावे व वाढणाऱ्या शर्करेचा बंदोबस्त औषधाने करावा. अन्न किती जाईल याची खात्री नसल्यास जलद गतीचे इन्शुलिन जेवणानंतर लगेच, खाल्लेल्या प्रमाणात देणे अधिक सुरक्षित ठरते. रक्तशर्करा ७० मिलिग्रॅमच्या खाली गेल्यास सुमारे १५ ग्रॅम, म्हणजे चहाचे तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी व पंधरा मिनिटांनी पुन्हा मापन करावे.

भिन्न कारणांची शर्करावृद्धी

उपचारकाळातील प्रत्येक वाढ स्टेरॉइडजन्यच असते असे मात्र नाही. निव्होलुमॅब, पेम्ब्रोलिझुमॅब इत्यादी प्रतिकारशक्तीस मोकळीक देणाऱ्या औषधांमुळे सुमारे एक टक्का रुग्णांत बीटा पेशींचाच नाश होतो. हा मधुमेह अकस्मात व बहुधा किटोन-आम्लतेसह प्रकट होतो, आणि त्यास आजन्म इन्शुलिन लागते. स्तनाच्या कर्करोगावरील आल्पेलिसिब हे औषध इन्शुलिनच्या संदेशमार्गावरच आघात करते. त्याच्या मुख्य चाचणीत सुमारे ६४ टक्के रुग्णांची रक्तशर्करा वाढली होती. येथे मेटफॉर्मिनला अग्रक्रम असतो व इन्शुलिन शक्यतो शेवटी वापरले जाते, कारण ते तोच मार्ग पुन्हा उद्दीपित करील अशी शंका आहे. स्वादुपिंड काढल्यानंतरच्या मधुमेहात इन्शुलिनबरोबर ग्लुकागॉनचाही अभाव असल्याने शर्करा जशी सहज चढते तशीच सहज कोसळते.

नियमनाचे उद्दिष्ट

सामान्य मधुमेह्याच्या बाबतीत दशकानुदशकांचा विचार करून काटेकोर नियमन केले जाते. रसायनोपचार घेणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत उपचाराचे प्रत्येक आवर्तन ठरल्या दिवशी व पूर्ण मात्रेने पार पडावे, हे नियमनाचे प्रयोजन असते. त्यामुळे ब्रिटिश तज्ज्ञमंडळींनी सुमारे १०८ ते १८० मिलिग्रॅम ही मर्यादा इष्ट मानली असून प्रसंगी २१६ पर्यंतची पातळी चालवून घेतली आहे. जेथे रोग असाध्य झाला आहे व केवळ क्लेश निवारणे शिल्लक आहे, तेथे १०८ ते २७० ही सैल मर्यादा पुरेशी मानतात. तेथे मापनासाठी वारंवार बोट टोचणे हाही एक टाळण्याजोगा क्लेशच असतो.

सारांश, स्टेरॉइडजन्य शर्करावृद्धी ही अनपेक्षित आपत्ती नव्हे. तिचा दिवस औषधपत्रावर आधीच लिहिलेला असतो आणि तिचा प्रहरही ठाऊक असतो. कर्करोगतज्ज्ञ व मधुमेहतज्ज्ञ हे बहुधा भिन्न विभागांत, कित्येकदा भिन्न गावांतही असतात आणि एकाचा कागद दुसऱ्यापर्यंत पोहोचतोच असे नाही. रसायनोपचाराच्या प्रत्येक आवर्तनाच्या तक्त्यावर स्टेरॉइडाचे दिवस, त्या दिवसांतील सायंकाळची रक्तशर्करा आणि इन्शुलिन कमी करण्याची तारीख यांसाठी तीन रकाने ठेवले, तर कोणत्याही नव्या साधनावाचून ही उणीव पुष्कळ अंशी भरून निघेल.